सावलीतले निवडुंग: वैतरणा ते बोईसर, लोंबत्या कॅक्टसचा आढावा

लोंबत्या कॅक्टसबद्दल विरारच्या पुढे कुणालाही विचारा, दोन उलटसुलट सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, कॅक्टस आहे, पाणी घालूच नका, उन्हात टांगा. दुसरा म्हणतो, ऑर्किडसारखं वागवा, सावली द्या, ओल मोडू देऊ नका. दोघांच्याही घरी एखादं झाड डवरलेलं असतं आणि एखादं कुजून फेकलेलं असतं, त्यामुळे वाद मिटत नाही. 2013 मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली, 2014 मध्ये पालघर वेगळा जिल्हा झाला, आणि वैतरणा, सफाळे, पालघर, बोईसर या स्टेशनांभोवती इमारती वाढत गेल्या. वाडीतली मोकळी जमीन ज्यांच्या वाट्याला आली नाही त्यांची बाग खिडकीच्या ग्रीलमध्ये आहे, आणि ग्रीलमध्ये खाली ठेवायच्या कुंडीपेक्षा वर टांगायची कुंडी सोयीची. लोंबत्या कॅक्टसचा प्रश्न म्हणूनच आता चार हौशी माणसांपुरता राहिलेला नाही. त्यातलं काय पक्कं झालं आहे आणि कशावर अजून एकमत नाही, ते इथे क्रमाने पाहू.

घराणं कोणतं?

कॅक्टस कुळात दीड हजाराहून अधिक जाती आहेत. त्यातल्या बहुतेक कोरड्या मुलखातल्या, पण शंभराहून अधिक जाती दमट जंगलांत झाडांच्या खोडांवर, फांद्यांच्या बेचक्यांत साठलेल्या पालापाचोळ्यात वाढतात. त्या झाडाचा रस शोषत नाहीत, फक्त त्याचा आधार घेतात. घरात टांगले जाणारे बहुतेक कॅक्टस या दुसऱ्या गटातले. काटे नसल्यासारखेच, खोड चपटं किंवा दोरीसारखं, आणि पानं म्हणून आपण ज्याला हात लावतो ते बहुतेक वेळा खोडच.

इथल्या नर्सऱ्यांत आणि शेजारपाजारच्या देवाणघेवाणीत पाच-सहा प्रकार फिरतात. सर्वांत जुनं म्हणजे महाराष्ट्रात ब्रह्मकमळ म्हणून ओळखलं जाणारं एपिफायलम ऑक्सीपेटॅलम, मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. हिमालयात साडेतीन-चार हजार मीटरच्या वर उगवणारं, उत्तराखंडचं राज्यपुष्प असलेलं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं. या दोघांचा काही संबंध नाही, एवढं नोंदवून पुढे जाऊ. दुसरं रिप्सॅलिस, हिरव्या सुतळीच्या झुपक्यासारखं. तिसरं श्लुम्बर्गेरा, म्हणजे दुकानातला ख्रिसमस कॅक्टस. चौथं, माशाच्या काट्यासारख्या नागमोडी कडांचं, फिशबोन म्हणून विकलं जाणारं. आणि उंदराच्या शेपटीसारखी बारीक, काटेरी, लांब खोडं सोडणारं डिसोकॅक्टस.

नावांचा गोंधळ मोठा आहे आणि तो फक्त विक्रेत्यांचा नाही. फिशबोन या एकाच नावाखाली निदान दोन वेगळी झाडं विकली जातात. शास्त्रज्ञांनीही 2016-17 मध्ये आनुवंशिक अभ्यासांच्या आधारे या गटाची फेरमांडणी केली. ड्रॅगन फ्रूटची जात हायलोसेरियसमधून सेलेनिसेरियसमध्ये गेली, फिशबोनमधली एक एपिफायलममधून डिसोकॅक्टसमध्ये गेली. नर्सरीच्या पाट्या अजून जुन्याच आहेत. ग्राहकाचं त्यात फारसं अडत नाही. अडतं ते दुसऱ्याच ठिकाणी: मोत्यांच्या माळेसारखं दिसणारं 'स्ट्रिंग ऑफ पर्ल्स' किंवा गाढवाच्या शेपटीसारखं सेडम हीसुद्धा 'हँगिंग कॅक्टस' म्हणूनच घरी येतात. ती कॅक्टस नाहीत, दमट जंगलातलीही नाहीत, आणि पालघरच्या जुलैत त्यांचं वाचणं कठीण असतं. ती मेली की दोष लोंबत्या कॅक्टसच्या नावावर जमा होतो.

हे इथवर कसं आलं?

ब्रह्मकमळाचा प्रवास बाजारातून कमी आणि हातोहात जास्त झाला. मावशीने फांदी दिली, ती कुंडीत खोचली, दोन-तीन वर्षांनी पावसाळ्यात रात्री फूल आलं, शेजाऱ्यांना हाका मारल्या, कुणी उदबत्ती लावली, सकाळी फूल मान टाकून बसलं. महाराष्ट्रभर हीच गोष्ट आहे. या देवाणघेवाणीचा एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. फांदीपासून वाढवलेलं प्रत्येक झाड मूळ झाडाची नक्कल असतं. आपल्याकडे या झाडाला फळ धरलेलं क्वचितच दिसतं. इथली बरीच झाडं मोजक्याच मूळ झाडांच्या नकला असाव्यात, असा त्याचा एक अर्थ निघतो. एकाच रात्री एकाच आळीत पाच घरी फुलं उमलण्यामागे पौर्णिमेपेक्षा हे कारण अधिक संभवतं: झाड एक, हवा एक, म्हणून वेळही एक.

रिप्सॅलिसचा इतिहास मात्र साऱ्या कुळात निराळा आहे. कॅक्टस हे अमेरिका खंडांचं कुळ. त्याला एकच ठळक अपवाद, रिप्सॅलिस बॅक्सिफेरा. ती आफ्रिकेत, मादागास्करात आणि श्रीलंकेतही रानात उगवते. ती तिथे कशी पोचली, हा वनस्पतिशास्त्रातला जुना आणि अजून न सुटलेला वाद. खंड एकमेकांना जोडलेले होते तेव्हापासूनचा हा अवशेष असावा, हे मत आता मागे पडलं आहे, कारण अटलांटिक उघडला त्यानंतर बऱ्याच काळाने कॅक्टस कुळ निर्माण झालं. उरल्या दोन बाजू. एक म्हणते, चिकट बिया पक्ष्यांनी समुद्रापार नेल्या. दुसरी म्हणते, खलाशांनी जहाजांतून नेल्या. आफ्रिकेतल्या झाडांच्या गुणसूत्रांच्या संचांत अमेरिकेतल्यांहून फरक आहे; एवढा फरक पडायला काही शतकं पुरतील का, हा पक्ष्यांच्या बाजूचा मुद्दा. पण असा प्रवास करणारा नेमका पक्षी कुणी दाखवून दिलेला नाही, हा खलाशांच्या बाजूचा. गंमत म्हणजे 1771 मध्ये या झाडाचं पहिलं वैज्ञानिक वर्णन झालं तेव्हा ते आकाशवेलीच्या प्रजातीत घातलं गेलं होतं. आपल्या किनाऱ्यावर केवड्यावर आणि झुडपांवर पसरलेली आकाशवेल ज्याने पाहिली आहे, तो त्या लेखकाला फार हसणार नाही.

कुंडीत काय भरावं, पाणी कोणतं घालावं?

सगळ्यात जास्त मतभेद इथे आहेत, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त झाडंही इथेच मरतात.

पहिल्या पक्षाला 'कोरडा पक्ष' म्हणू. त्याचं म्हणणं, वाळू, विटांचे तुकडे, थोडी माती, आणि मिश्रण पूर्ण वाळल्याशिवाय पाणी नाही. कॅक्टसवरची जी माहिती सहज हाती येते ती बहुतेक कोरड्या हवेतल्या माणसांची असते. देशातलं नावाजलेलं कॅक्टस उद्यानही पंचकुल्याला आहे, कोकणात नाही. कोरड्या पक्षाचा जोर असा की या भागात झाड तहानेने मरण्यापेक्षा कुजून मरण्याची शक्यता कितीतरी जास्त. हे म्हणणं खोटं नाही.

दुसरा 'ओला पक्ष'. झाडावरच्या कॅक्टसला माती नकोच, त्याला पालापाचोळा हवा, म्हणून नारळाच्या सोडणांचे तुकडे, कोळसा, विटांची खडी, मूठभर कुजलेलं शेणखत, आणि ओल कायम पण कधी साचलेली नाही. वैतरणेच्या काठावर हे सगळं मिळवायला लांब जावं लागत नाही. सोडणं केळवे-माहीमच्या वाड्यांत, वीट वसई-वाड्याच्या भट्ट्यांवर, तूस कोणत्याही भातगिरणीत. नारळी-पोफळीच्या सावलीत वाढलेले केळवे-माहीमचे पानमळे पाहिले तर या झाडांना कसा उजेड आणि कशी हवा आवडेल याचा अंदाज तिथेच येतो.

दोन्ही पक्ष आपापल्या जागी का टिकून आहेत, याचं उत्तर मुळांत आहे. या झाडांची मुळं बारीक आणि उथळ असतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. वाळूच्या कुंडीत हवा मिळते, पाणी कमी पडतं, झाड जगतं पण वाढ खुंटते. सोडणांच्या कुंडीत दोन्ही मिळतं. नर्सरीतून येणाऱ्या नुसत्या कोकोपीटच्या कुंडीत मात्र पाणी राहतं आणि हवा जाते. कोकोपीट हलकं असतं, वाहतुकीला परवडतं, म्हणून नर्सरी ते वापरते. त्यात गैर काही नाही, पण घरी आल्यावर पावसाळ्याआधी झाड त्यातून काढलेलं बरं, यावर दोन्ही पक्षांचं आता बऱ्यापैकी एकमत आहे.

एक खूण मात्र दोन्हीकडे चुकीची वाचली जाते. फांद्या सुरकुतल्या की झाडाला तहान लागली असं समजून पाणी वाढवलं जातं. पण मुळं कुजली तरी फांद्या अशाच सुरकुततात, कारण पाणी भोवती असूनही वर पोचत नाही. कुंडी हातात घेऊन वजन पाहावं. जड कुंडीतलं सुरकुतलेलं झाड मुळांचं दुखणं सांगतं; त्याची निरोगी फांदी कापून, काप चार-पाच दिवस सावलीत सुकवून, नव्याने लावणं हाच मार्ग.

पाण्याच्या प्रमाणावर इतका वाद होतो, पाण्याच्या प्रकारावर फारसा होत नाही, हे मला या सगळ्या चर्चेतलं मोठं न्यून वाटतं. झाडावर वाढणाऱ्या वनस्पतींना मिळतं ते पावसाचं पाणी, जवळजवळ क्षाररहित. वैतरणा नदीवरच्या मोडकसागर आणि वरच्या-मधल्या धरणांचं गोडं पाणी मुंबईच्या नळांना जातं. तीच नदी वैतरणा स्टेशनच्या पुढे रेल्वेपुलाखाली पोचते तेव्हा भरती-ओहोटीची खाडी झालेली असते, आणि खाडीकाठच्या गावांत बोअरचं पाणी अनेकदा मचूळ. मोगऱ्याला, जास्वंदीला ते काही काळ चालून जातं. लोंबत्या कॅक्टसच्या कुंडीच्या काठावर मात्र पांढरा थर धरतो, फांद्यांची टोकं तपकिरी होतात, नवी फूट अडते. फ्लॅटमध्ये यात आणखी एक भर: पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओ यंत्राचं बाहेर टाकलेलं पाणी झाडांना घातलं जातं. हेतू चांगला, पण त्या पाण्यात मूळ पाण्याहून क्षार जास्त असतात. ते फरशीला वापरावं. पावसाळ्यात भरून ठेवलेलं पिंप किंवा एसीतून ठिबकणारं पाणी या झाडांसाठी अधिक बरं. कोकोपीटमध्येही मुळात मीठ असू शकतं. ते दोन-तीनदा धुऊन वापरणं यावरही वाद नाही.

पावसात बाहेर की आत?

पालघरच्या पट्ट्यात वर्षाला साधारण दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाऊस, जवळजवळ सगळा चार महिन्यांत. ब्राझीलच्या किनारी जंगलांतही भरपूर पाऊस पडतो, म्हणून 'बाहेरच राहू द्या' म्हणणाऱ्यांकडे तर्क आहे. 'आत घ्या' म्हणणारे सांगतात की जंगलातल्या झाडाच्या मुळांखाली प्लास्टिकची बंद कुंडी नसते. मधला मार्ग बहुतेकांनी स्वीकारलेला दिसतो: छज्ज्याखाली, वारा लागेल पण धार पडणार नाही असं टांगायचं, कुंडीखालची बशी काढून टाकायची. गोगलगायी आणि पिठ्या ढेकूण हे पावसाचे पाहुणे. पिठ्या ढेकणासाठी साबणाचं पाणी आणि कडुनिंबाचं तेल पुरतं. फांद्यांच्या सांध्यांत तो लपतो, तिथे जुन्या टूथब्रशने घासावं.

उन्हाबद्दल मतभेद आता कमी झाले आहेत. पश्चिमेच्या गॅलरीत मार्च ते मेमधलं दुपारनंतरचं ऊन या झाडांना लाल-पिवळं करतं. सकाळचं कोवळं ऊन आणि मग झाकलेला उजेड, हे सर्वांना मान्य आहे.

फुलत का नाही?

वाढवण्याचे प्रश्न बरेचसे सुटण्यासारखे आहेत. फुलण्याचा तसा नाही, आणि तो सर्वांत जास्त छळतो तो श्लुम्बर्गेरावाल्यांना.

हे झाड आग्नेय ब्राझीलच्या किनारी डोंगरांतलं. दक्षिण गोलार्धातला शरद ऋतू एप्रिल-मेमध्ये, म्हणून तिथे त्याला मे महिन्याचं फूल म्हणतात. उत्तरेत तोच ऋतू नाताळाच्या आधी येतो, त्यावरून ख्रिसमस कॅक्टस. कळ्या धरायला त्याला दोन गोष्टी लागतात: लांब, अखंड अंधाऱ्या रात्री आणि गारवा. रात्री गार असल्या की अंधाराची अट सैल होते. रात्री उबदार राहिल्या तर अंधार पुरेसा असूनही कळ्या धरत नाहीत किंवा गळतात.

आता पालघरचा हिशोब पाहू. हा भाग साधारण 19.7 अंश उत्तर अक्षांशावर. इथली डिसेंबरातली सर्वांत लांब रात्र साधारण तेरा तासांची. तेवढी पुरेल असं एक मत आहे. श्लुम्बर्गेराचा मूळ प्रदेशही विषुववृत्तापासून बावीस-तेवीस अंशांवरच आहे, हा त्या मताचा आधार. उलट मत असं की मूळ प्रदेशात हे झाड समुद्रसपाटीवर नसतं, ते डोंगरावर असतं, आणि फरक तिथे आहे. किनाऱ्यावर नोव्हेंबरातल्या रात्री बऱ्याचदा वीस अंशांच्या वरच राहतात. सोळा-सतरापर्यंत पारा उतरतो तो डिसेंबरच्या उत्तरार्धात आणि जानेवारीत. म्हणजे अंधार आणि गारवा एकत्र येईपर्यंत नाताळ निघून जातो. नाशिक किंवा पुण्याच्या गॅलरीत हेच झाड सहज फुलतं, यावरून गारवाच कमी पडतो असं या मताचे लोक म्हणतात.

तिसरी शक्यता कमी चर्चिली गेली आहे. फ्लॅटच्या गॅलरीत रात्र कधी अखंड नसतेच. जिन्यातला दिवा, समोरच्या इमारतीचा हॅलोजन, रात्री अकरापर्यंत जळणारी ट्यूबलाइट. ऑक्टोबरपासून सहा-सात आठवडे संध्याकाळी कुंडीवर जाड कापड टाकणाऱ्यांना फुलं मिळाल्याचं सांगितलं जातं, पण त्यांनीच त्या काळात पाणीही कमी केलेलं असतं, जागाही बदललेली असते. नेमकं श्रेय कशाचं, हे त्यातून कळत नाही.

ब्रह्मकमळाच्या फुलण्याबद्दल असा ताण नाही. जुनं झाड, कुंडीत जरा दाटीने बसलेली मुळं, उन्हाळ्यात थोडा कोरडेपणा आणि मग पाऊस, एवढ्यावर ते फुलतं. नव्या फांदीला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाआधी फुलाची अपेक्षा धरू नये. नत्राचं खत जास्त झालं की हिरवा पसारा वाढतो आणि फूल लांबतं.

हवा शुद्ध होते का?

बोईसरमध्ये हा प्रश्न नुसता कुतूहलाचा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या प्रदूषण निर्देशांकात बोईसरलगतच्या तारापूर औद्योगिक क्षेत्राचा क्रमांक देशात सर्वांत वर होता. तिथे राहणाऱ्याने घरात झाड आणताना हवेचा विचार करणं स्वाभाविक आहे, आणि विक्रेत्यांनीही तो हेरला आहे: 'रात्री ऑक्सिजन देणारं झाड'.

या दाव्यात अर्धं खरं आहे. कॅक्टस, लोंबतेसुद्धा, पाणी वाचवण्यासाठी रात्री रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवतात. पण ऑक्सिजन तयार होतो तो उजेडातच. शुद्धीकरणाच्या दाव्याचं मूळ 1989 च्या नासाच्या अभ्यासात आहे. बंद छोट्या पेट्यांत झाडांनी काही वायू कमी केल्याचं त्यात दिसलं होतं. नंतरच्या संशोधकांनी या प्रकारच्या प्रयोगांचा एकत्र आढावा 2019 मध्ये प्रसिद्ध केला आणि हिशोब मांडला की खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्या हवेची बरोबरी करायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. झाडाच्या बाजूने बोलणारे आता शुद्ध हवेऐवजी मनाला मिळणाऱ्या विसाव्याचा मुद्दा पुढे करतात. तो मोजायला कठीण आहे, पण निदान खोटा नाही. तारापूरच्या हवेचा इलाज कुंडीत नाही.

परकं झाड, आपली जबाबदारी

कॅक्टसच्या बाबतीत भारताला एक जुना धडा आहे. रंग देणारा कोचिनील किडा समजून 1795 मध्ये भारतात दुसऱ्याच जातीचा किडा आणला गेला; रंग जमला नाही, पण त्याने फड्या निवडुंगाच्या एका जातीचा फडशा पाडला. दुसऱ्या जातीसाठी 1926 मध्ये श्रीलंकेतून वेगळा किडा आणावा लागला. म्हणून परका कॅक्टस म्हटलं की शंका येणं योग्यच. ब्रह्मकमळ इथे क्वचितच फळतं, त्याची फारशी भीती नाही. रिप्सॅलिसला मात्र पांढरी चिकट फळं धरतात आणि पक्षी ती खातात. आपल्या वाड्यांतल्या आंबा-चिकूच्या खोडांवर ते कधी आपणहून रुजेल का, याकडे लक्ष ठेवायला हवं.

जंगलातून उपटलेल्या झाडांचा प्रश्नही आहे. 2015 च्या जागतिक पाहणीनुसार कॅक्टसच्या 31 टक्के जाती धोक्यात आहेत, आणि जवळजवळ सगळं कुळ आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाच्या यादीत आहे. इथे फिरणारे प्रकार मात्र बहुतेक फांद्यांपासून वाढवलेले, त्यामुळे शेजारणीने दिलेल्या फांदीत अपराध काही नाही.

काहींचं म्हणणं असं की परक्याऐवजी सह्याद्रीतलं काही टांगावं: सीतेच्या वेणीसारखी ऑर्किडं, कंदीलपुष्प, माकडशिंग. भावना चांगली आहे; अडचण अशी की या देशी झाडांची रोपं नर्सरीत क्वचित मिळतात, आणि मागणी वाढली तर ती जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांतूनच काढली जातील. टांगलेल्या परक्यापेक्षा उपटलेलं देशी झाड अधिक महाग पडतं. नर्सरीने ती बियांपासून किंवा फांद्यांपासून वाढवून विकली तर मुद्दा वेगळा.

काय उरलं आहे?

मिश्रण आणि उजेड यांवरचे वाद निवळत चालले आहेत. ओल्या पक्षाची सोडणं आणि कोरड्या पक्षाचा संयम दोन्ही एकाच कुंडीत दिसू लागले आहेत. पाण्यातल्या क्षारांचा प्रश्न मात्र जवळजवळ अस्पर्श आहे. गावोगावच्या बोअरच्या पाण्यावर रिप्सॅलिस आणि ब्रह्मकमळ किती तग धरतात, याची साधी तुलना कुणी करून दाखवली तर अर्धे सल्ले आपोआप गळून पडतील. जिल्ह्यात कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्र आहे, पालघरला कोकण कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. त्यांच्यापुढे चिकू, भात आणि मोगऱ्याची कामं आहेत, आणि शोभेच्या कुंडीने त्या रांगेत पुढे घुसावं असं कुणी म्हणणार नाही. हे काम गॅलरीतच होण्यासारखं आहे.

श्लुम्बर्गेराचंही तसंच. एकाच झाडाच्या दोन फांद्या, एकसारख्या कुंड्या, एकच पाणी. एक रोज संध्याकाळपासून झाकलेली, दुसरी जिन्याच्या दिव्यासमोर. शेजारी तापमापक. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत रात्रीचा किमान पारा आणि पहिली कळी दिसल्याची तारीख वहीत. वैतरणा, पालघर, बोईसर अशा तीन-चार ठिकाणी दोन हिवाळे हे झालं, तर अंधार कमी पडतो की गारवा, याचं उत्तर इथल्याच हवेतून मिळेल.